आरोग्य प्रश्नोत्तरे : स्नायूत घ्यायचे इंजेक्शन घरी, स्वतःच्या हाताने

प्रश्न : माझे वय ५२ असून मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी लागणारा घटक माझ्या जठरात तयार होत नाही, असे निदान झाल्यामुळे दरमहा ब-१२चे इंजेक्शन घ्यावे लागते आणि त्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्यात सबंध दिवस मोडतो. डॉक्टर म्हणतात, ‘शिकून घ्या आणि घरीच घेत जा.’ परंतु सुई शिरेत किंवा नसेवर लागली तर, हवेचा बुडबुडा आत गेला तर, या भीतीने हात धजावत नाही. हे खरोखर सुरक्षित आहे का?

उत्तर : होय, आपल्या बाबतीत ते सुरक्षित आहे, मात्र आधी डॉक्टर किंवा परिचारिका यांच्या डोळ्यांदेखत आपण स्वतः इंजेक्शन घेऊन दाखवावे आणि त्यांनी ‘जमले’ म्हटल्यावरच घरी सुरुवात करावी. या औषधाची तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, तरी ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून सुरुवातीचे डोस दवाखान्यातच घ्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा रक्तातील प्लेटलेट कमी असतील, तर स्नायूत रक्त साचण्याचा धोका असतो. ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती जागा. ‘कमरेत’ इंजेक्शन घेण्याची आपल्याकडे सवय आहे, पण तेथून सायटिकेची जाड नस जाते आणि स्वतःला ती जागा नीट दिसतही नाही. त्यामुळे स्वतः टोचून घेताना नितंबाच्या वाटेला मुळीच जाऊ नये. मांडीची बाहेरची बाजू निवडावी. खुब्याजवळ हाताला लागणारा हाडाचा उंचवटा आणि गुडघा यांच्यामधील अंतराचे मनातल्या मनात तीन समान भाग करावेत आणि त्यांतील मधल्या भागात, सलवारीच्या बाजूच्या शिवणीच्या किंचित पुढे, सुई टोचावी. येथे स्नायू जाड असतो आणि मोठी रक्तवाहिनी किंवा मोठी नस नसते, म्हणजे आपल्या निम्म्या भीतीचे उत्तर या जागेतच आहे. या महिन्यात उजवी मांडी, तर पुढच्या महिन्यात डावी, असा क्रम ठेवावा. चट्टा, गाठ किंवा लाली असलेली जागा टाळावी.

प्रत्येक वेळी नवी, सीलबंद सिरिंज आणि नवी सुई वापरावी. उकळून घेतलेली किंवा मागच्या वेळची सुई वापरणे म्हणजे गळवाला आमंत्रण आहे. सुईची लांबी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मध्यम बांध्याच्या व्यक्तीला मांडीसाठी बहुधा एक इंची पुरते, परंतु चरबीचा थर जाड असेल तर ती स्नायूपर्यंत पोहोचत नाही. कुपीवरील औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत वाचावी. प्रकाशाने ब-१२ खराब होते, म्हणून कुपी खोक्यातच ठेवलेली बरी. काचेची कुपी फोडण्यापूर्वी टिचकी मारून मानेतले औषध खाली उतरवावे आणि मानेभोवती स्वच्छ गॉज धरून ती आपल्यापासून दूरच्या दिशेने मोडावी. औषध ओढून घेतल्यावर सुई बदलावी, कारण काचेला घासलेली सुई बोथट होते आणि अधिक दुखते.

हात साबणाने धुऊन खुर्चीवर बसावे, उभ्याने घेऊ नये. पहिल्या काही वेळा घेरी येऊ शकते. गुडघा वाकवून पाय सैल सोडावा, कारण आवळलेल्या स्नायूत सुई फार दुखते. कातडी स्पिरिटने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवरून सुई घातली की चरचरते. मग सुई सरळ, मांडीशी काटकोनात, न थबकता आत घालावी, दट्ट्या सावकाश, एक मिलिलिटरला सुमारे दहा सेकंद या बेताने दाबावा आणि सुई त्याच सरळ रेषेत बाहेर काढावी. कापसाने हलके दाबून धरावे. जोरात चोळू नये.

दट्ट्या मागे ओढून रक्त येते का, हे पाहावे की नाही, याबाबत आपल्या डॉक्टरांनी शिकवले असेल तेच करावे. मांडीत लस देताना आता ते आवश्यक मानले जात नाही. ब-१२चे औषध मुळातच लाल असते, त्यामुळे रक्ताचा धागा त्यात सहज ओळखू येत नाही. शंका आली तर सुई काढून सगळे टाकून द्यावे आणि नव्याने भरावे. बुडबुड्याची भीती मात्र सोडावी. मोठे बुडबुडे टिचक्या मारून काढावेतच, कारण त्यांच्यामुळे औषधाची मात्रा कमी भरते. परंतु बारीकसा बुडबुडा स्नायूत गेल्याने अपाय होत नाही.

एखादा दिवस मांडी दुखणे स्वाभाविक आहे. लाली पसरत जाणे, जागा गरम व टणक होणे, पू, ताप किंवा पायाला बधिरपणा यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अंगभर गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे, धाप लागणे अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ला फोन करावा. म्हणूनच घरात कोणी असतानाच इंजेक्शन घ्यावे.

वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये, बहुतेकदा बोटाला सुई टोचते ती तेव्हाच. ती तशीच जाड, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात टाकावी आणि डबा तीन चतुर्थांश भरला की दवाखान्यात नेऊन द्यावा. २०१६च्या घनकचरा नियमांनीही घरातील अशा सुयांना घरगुती घातक कचऱ्यात गणले. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

प्रश्न : माझी कंबर वरचेवर धरते. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक इंजेक्शन आणून मीही असेच मांडीत घेऊ का?

उत्तर : नाही. अशा इंजेक्शनांनी जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते आणि काही दमेकऱ्यांना जोराचा झटका येतो. क्वचित टोचलेल्या जागेची कातडी आणि खालचा स्नायू काळा पडून मरतो. वरच्या वाचकाचे औषध, मात्रा आणि कारण तिन्ही डॉक्टरांनी ठरवलेले आहे; आपल्या बाबतीत यातले काहीच ठरलेले नाही. कंबर वारंवार का धरते, हे आधी तपासून घ्यावे.