रॅपला कविता म्हणायचं का?

प्रश्न: आमचं पोरगं दिवसभर अमेरिकन रॅप ऐकतंय, वर म्हणतंय ही कविताच हाय. खरंय का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: दादा, पोरगं बरोबर बोलतंय. २०१८ ला केंड्रिक लामार या अमेरिकन रॅपरला संगीताचा पुलित्झर, म्हंजे अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळाला, त्याआधी तो शास्त्रीय नाहीतर जॅझवाल्यांनाच मिळायचा. अन् सुरुवात बघा कशी, १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, डीजे कूल हर्क पार्टीत गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा दोन तबकड्यांवर लांबवायला लागला, त्यावर पोरं नाचायची, पुढं त्यातूनच बोलगाणं, म्हंजे रॅप, आलं (आपला पोवाडा आठवतो ना!). त्यांचं-आपलं नातं तर जुनंच हाय, १९७२ ची दलित पँथर, नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच, अन् आपल्या लातूरच्या जनार्दन वाघमारेंनी काळ्यांच्या साहित्यावर मराठीत कवाच लिहिलंय. शिव्या असतात गाण्यात, तेवढं सोसा.