काही देशांतली माणसं इतर देशांपेक्षा जास्त सुखी का असतात?

तुम्ही विचारलंय की हिवाळ्यात दुपारीच अंधार पडणारा फिनलंड सुखाच्या यादीत दरवर्षी पहिला कसा येतो, आणि सणवार, नातीगोती, भरलेलं घर असणारे आपण इतके खाली का. मला जे वाटतं ते आधीच सांगतो. अडचणीत आपलं माणूस धावून येईल हा एक भरवसा आणि कचेरीत गेलं तर काम रीतसर होईल हा दुसरा, या दोन्हींवर माणसाचं सुख उभं असतं. पहिला आपल्याकडे भक्कम आहे, दुसरा फार कच्चा. मी काही अर्थशास्त्र शिकलेला नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे कागद हातातून जातात, त्यावरून बोलतोय.

यादीबद्दल एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ही यादी कुणी तज्ज्ञ बसून गुण देऊन करत नाहीत. हा जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून निघतो. गॅलप ही संस्था प्रत्येक देशात साधारण १,००० लोकांना विचारते: एक शिडी समजा, सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने चांगल्यात चांगलं आयुष्य, तिला १०, सगळ्यात खालची वाईटात वाईट, तिला शून्य, तुम्ही आज कितव्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलेली ही शिडी. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात, तोच देशाचा आकडा. २०२५ च्या अहवालात फिनलंड ७.७३६ वर होता, सलग आठव्या वर्षी पहिला. भारत ४.३८९, म्हणजे १४७ देशांत ११८ वा. शेवटी अफगाणिस्तान, १.३६४. दरडोई उत्पन्न, अडीअडचणीला माणूस असणं, निरोगी आयुर्मान, मनासारखं जगण्याची मोकळीक, दानत आणि भ्रष्टाचाराबद्दलचं मत, या सहा गोष्टी हे आकडे असे का आले ते समजून घ्यायला नंतर लावतात. म्हणजे आपल्याला कमी गुण आपणच दिलेत.

हसण्याखेळण्याचा तर त्या शिडीत प्रश्नच नाही. आयुष्याचा हिशेब मांडून उत्तर द्यायचं असतं. म्हणून गणपतीत नाचणारा माणूसही चार म्हणू शकतो आणि बसस्टॉपवर कुणाशी न बोलणारा फिनलंडचा माणूस आठ.

पैसा लागतोच. ज्याच्या घरी भाताचं पोतं संपलंय त्याला सुखाच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. पण रिचर्ड ईस्टरलिन या अर्थतज्ज्ञाने १९७४ सालीच दाखवलं होतं की देश श्रीमंत होत गेला तरी लोकांचं समाधान त्याच्या मागोमाग वाढतंच असं नाही. त्याच २०२५ च्या यादीत कोस्टा रिका सहावा आणि मेक्सिको दहावा होता, अमेरिका २४ वी. कोस्टा रिकाने १९४८ साली आपलं सैन्यच मोडीत काढलं आणि शाळा-दवाखान्यांवर लक्ष दिलं. शिवाय त्या लोकांची घरं आपल्यासारखी, माणसांनी भरलेली.

आता माझ्या गावाकडचं. इथे लावणीच्या दिवसांत पैसे देऊन गडी मिळत नाही, पैरा करावा लागतो. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. शेजारच्या कन्नड घरात यालाच मुय्याळ म्हणतात. नाव वेगळं, चिखल एकच. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा माझ्या दुकानात मांडीपर्यंत पाणी होतं. शेजारचा पंक्चर काढणारा अण्णा स्वतःचं दुकान तसंच टाकून आला आणि माझं झेरॉक्स मशीन आम्ही दोघांनी जिन्यावरून वर नेलं. त्याचा कॉम्प्रेसर मात्र पाण्यात गेला. ते मशीन वाचलं म्हणून पुढच्या महिन्यात माझ्या घरात चूल पेटली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. 'अडचणीत कुणी आहे का' हा प्रश्न त्या सर्वेक्षणात असतो. आमच्या गल्लीत येऊन विचारा, शंभरातले नव्वद 'होय की' म्हणतील.

मग ते नव्वद जण शिडीवर वर का नाहीत?

गेल्या वर्षी एक आज्जी पौती खात्यासाठी आल्या. नवरा वारलेला, दोन एकर भाताची जमीन त्याच्या नावावर, ती वारसांच्या नावावर करायची. उताऱ्यावर नवऱ्याचं नाव परसराम, आधार कार्डावर परशुराम. मराठी नाव कुणीतरी ऐकून कन्नडमध्ये लिहिलं, दुसऱ्या कुणी इंग्रजीत, आणि एका माणसाची दोन माणसं झाली. प्रतिज्ञापत्र करून दिलं. मग नोटीस निघाली, अमुक तारखेला हजर राहा. नोटीस पूर्ण कन्नडमध्ये. आज्जींना मराठीच जेमतेम वाचता येतं. सरकारी शिक्का बघून त्यांना वाटलं काम झालं, हाच तो कागद. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे जपून ठेवला. माझ्याकडे आणला तेव्हा तारीख उलटून १९ दिवस झाले होते. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

त्या दिवशी मी त्यांना शिडीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "माझं विचारतोस की पोरांचं?" तुमचंच सांगा म्हटलं. "खायला हाय, सून चांगली हाय, सात म्हण की. पण ह्या कागदाचं हुईस्तवर चार धर." चारचे सात व्हायला त्यांना पैसे नको होते, नातेवाईक नको होते. ज्या भाषेत त्या जन्मभर बोलल्या त्या भाषेत एक ओळ हवी होती: अमुक दिवशी या.

याच कारणासाठी मी फिनलंडबद्दल वाचत गेलो, आणि जे सापडलं ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना फार जवळचं आहे. त्या देशातही भाषेचा सीमाप्रश्न होता. ओलांड नावाची बेटं, माणसं स्वीडिश बोलणारी. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं, त्यांनी सह्या गोळा केल्या. प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेलं आणि १९२१ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला: बेटं फिनलंडचीच. पण त्याच निकालात त्यांची भाषा, शाळा आणि जमीन यांना हमी मिळाली. १९२२ पासून त्यांची स्वतःची विधानसभा आहे. आजही तिथला सरकारी कारभार स्वीडिशमध्ये चालतो. उरलेल्या फिनलंडात स्वीडिश बोलणारे जेमतेम ५ टक्के, तरी ती देशाची राष्ट्रभाषा, फिनिशच्या बरोबरीची. एखाद्या पालिकेत अल्पसंख्य भाषेचे ८ टक्के किंवा ३,००० लोक असले की ती पालिका द्विभाषिक होते आणि खिडकीवर दोन्ही भाषांत उत्तर मिळतं.

आमच्याकडे १ नोव्हेंबर १९५६ ला रेषा ओढली गेली आणि आमची मराठी गावं कन्नड राज्यात गेली. माझे आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत, असं आई सांगायची. मी दर १ नोव्हेंबरला दुकान बंद ठेवून त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला जातो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण केंद्र सरकारने १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांबद्दल जे ठरवलं, त्यातही १५ टक्क्यांचा आकडा आहे, तेवढे लोक असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही निघाव्यात. हे झालं असतं तर आज्जींचा कागद देव्हाऱ्यामागे गेला नसता. आणि हे मी कन्नडच्या विरोधात म्हणत नाही. मी कन्नड वाचतो, लिहितो, माझी मुलगी कन्नडमध्ये वर्गात पहिली येते. सोलापूर आणि जतकडच्या कन्नड माणसालाही त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, तोही तसाच खिडकीसमोर उभा असतो.

कुणी म्हणेल, फिनलंडमध्ये आत्महत्या जास्त होतात. होत होत्या. १९९० च्या सुमारास तो देश त्याबाबतीत जगात फार वर होता. त्यांनी देशभर प्रतिबंधाचं काम हाती घेतलं आणि तेव्हापासून प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. सुखी देश म्हणजे जन्मतःच सुखी माणसं, हे मला म्हणूनच पटत नाही.

आपली माणसं वाईट आहेत म्हणून आपण खाली आहोत, हेही खोटं आहे. २०१३ साली रीडर्स डायजेस्टने १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम टाकून पाहिली. हेलसिंकीत ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, ९. २०२५ च्या अहवालातही हेच आहे: लोकांना वाटतं त्याच्या साधारण दुप्पट पाकिटं खरोखर परत येतात, आणि हरवलेलं पाकीट परत मिळेल असं ज्यांना वाटतं ते जास्त समाधानी असतात. आपली माणसं पाकीट परत करतात. कुणीतरी करेल यावर आपला विश्वास नाही. तो विश्वास माणूस कचेरीत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात गमावून येतो, आणि मग शेजाऱ्याकडेही त्याच नजरेने बघतो.

आज्जींचं काम पुढे तीन महिन्यांनी झालं, तारखेला मी स्वतः सोबत गेलो होतो. त्यानंतर मी दुकानात एक तक्ता लावलाय. उताऱ्यावर आणि नोटिशीवर नेहमी येणारे ४० कन्नड शब्द आणि शेजारी मराठी अर्थ. लोक मोबाईलवर फोटो काढून नेतात. पंक्चरवाल्या कन्नड अण्णाने तपासून दिलंय, फक्त ऋणाच्या रकान्यापाशी आमचं एकमत होत नाही. मी 'बोजा' लिहिलंय, तो म्हणतो कन्नडमध्ये ऋणाचा अर्थ नुसतं कर्ज एवढाच नाही. रविवारी कन्नड शाळेतल्या गुरुजींकडे दोघं जाणार आहोत.