वय ४३, खर्चाच्या २५ पट पैसे जमले आहेत. आता नोकरी सोडू का?

तुम्ही दिलेले आकडे आधी मांडतो. पुण्यात स्वतःचा फ्लॅट, डोक्यावर कर्ज नाही, मुलगी सातवीत, महिन्याचा खर्च ६५ हजार. शिल्लक दोन कोटी, आणि बाजाराची धास्ती असल्यामुळे जवळजवळ सगळी मुदत ठेवींत. वर्षाचा खर्च ७ लाख ८० हजार, त्याची २५ पट १ कोटी ९५ लाख. गणित जुळलं, मग राजीनामा का देऊ नये, असं तुम्ही विचारताय.

पूर्ण सोडू नका. निम्मी सोडा. का ते सांगतो.

लवकर निवृत्ती ही आयटीवाल्यांनी काढलेली गोष्ट आहे असं हल्ली सगळ्यांना वाटतं. मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो आणि २००१ मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडलो. २०००-०१ च्या त्या योजनेत सरकारी बँकांमधून लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. १५ वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी, एवढी पात्रता. पूर्ण झालेल्या दर वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, दोहोंतलं जे कमी ते हातात. वर प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी. पंचेचाळिशीतल्या माणसाने एवढी रक्कम एकरकमी कधी पाहिलेली नव्हती. प्रत्येकाने कॅल्क्युलेटर काढला आणि प्रत्येकाने एकच हिशेब केला: दहा लाख, दहा टक्के, महिन्याला ८,३३३ रुपये. घर चालतंय की!

तेव्हा मोठ्या मुदतीच्या ठेवींना दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं, तर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के देत होता. मग तो ११ झाला, २००१ मध्ये साडेनऊ, २००२ मध्ये ९, २००३ मध्ये ८. बँकांचे दर त्याच्याही खाली घसरले. तीन वर्षांची ठेव रिन्यू करायला माणूस काउंटरवर यायचा, नवी पावती उलटीसुलटी करून बघायचा आणि विचारायचा, ‘अहो, आकडा चुकलाय का?’ चुकलेला नसायचा. त्याच दहा लाखांचे सहा टक्क्यांनी महिन्याला ५,००० होतात. मुद्दल एक रुपयानेही कमी झालेलं नाही, आणि उत्पन्न चाळीस टक्क्यांनी गेलं. जे युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ या फंड योजनेत ‘सरकारी आहे, बुडत नाही’ म्हणून गेले, त्यांच्या युनिटांची खरेदी-विक्रीच जुलै २००१ मध्ये थांबवली गेली. ज्यांना पेन्शन होती ते तरले. माझी मूळ पेन्शन अजून २००१ चीच आहे, फक्त महागाई भत्ता वाढतो, पण ती आहे. तुम्हाला ती नाही. ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरची पेन्शन, जी मिळेल ती ५८ व्या वर्षी, आणि पगाराची मर्यादा १५ हजार धरल्यामुळे वीस वर्षांच्या नोकरीला ती चार-पाच हजारांच्या पुढे सरकत नाही.

आता तुमच्या २५ पटीकडे येऊ. हा नियम अमेरिकेतल्या विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये मांडला. पहिल्या वर्षी शिलकीच्या ४ टक्के काढायचे (म्हणजेच शिल्लक खर्चाच्या २५ पट हवी), पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यायचे. त्याने १९२६ पासूनचे अमेरिकी शेअर आणि सरकारी रोख्यांचे आकडे तपासले, आणि पैसे निदान ३० वर्षं पुरावेत असं धरलं. म्हणजे देश वेगळा आणि मुदत वेगळी. शिवाय त्याच्या गणितात निम्मे किंवा त्याहून जास्त पैसे शेअर्समध्ये होते. तुमच्याकडे शेअर जवळपास शून्य, आणि वयाच्या नव्वदीपर्यंत धरलं तर मुदत ४७ वर्षं.

एफडीवर कर कापून जेवढं उरतं आणि जेवढी महागाई वाढते, ते जवळपास सारखंच असतं. दोन्ही सारखे धरले तर २५ पट रक्कम बरोबर २५ वर्षं पुरते, याला एक्सेल लागत नाही. ४३ अधिक २५, म्हणजे ६८. मी आज ७४ चा आहे आणि दातांसाठी नुकताच भलामोठा खर्च केला आहे. सहा टक्के महागाई धरली की खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. तुमचे ६५ हजार पंचावन्नाव्या वर्षी एक लाख तीस हजार असतील, सदुसष्टाव्या वर्षी दोन लाख साठ हजार.

मग सगळं उचलून म्युच्युअल फंडात टाकू का? तेही नको. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या घरात होता, ऑक्टोबरमध्ये साडेआठ हजारांवर आला. पगार चालू असलेल्याची त्या वर्षी एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहा ठरावीक गुंतवणूक, स्वस्तात झाली. घरखर्चासाठी दर महिन्याला युनिट विकणारा मात्र पडत्या भावात विकत राहिला, आणि विकलेली युनिटं बाजार वर आल्यावर परत येत नाहीत. सुरुवातीच्या पाच-सात वर्षांत असं झालं तर पुढची चांगली वर्षंही ते भरून काढत नाहीत. म्हणून तीन-चार वर्षांचा खर्च ठेवींत ठेवा आणि बाकीचे दोन-तीन वर्षांत हळूहळू इंडेक्स फंडाकडे, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडाकडे, वळवा. नोकरी चालू असतानाच एक मोठी पडझड अंगावर घेऊन बघा, झोप लागते का ते कळेल. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना चांगली आहे, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण राजीनामा दिलेल्या ४३ वर्षांच्या माणसाला तिथे साठीपर्यंत वाट बघावी लागते.

निम्मी सोडा म्हणालो ते यासाठी. महिन्याला ३० हजार जरी कुठून येत राहिले, कन्सल्टिंग असो की क्लास, तर शिलकीतून ३५ हजारच काढावे लागतात. वर्षाचे ४ लाख २० हजार, म्हणजे दोन कोटींचे २.१ टक्के. चार आणि दोन टक्क्यांत रात्रंदिवसाचा फरक आहे. अजिबात काम करायचंच नसेल तर मी ३५ पट म्हणेन, पावणेतीन कोटी, आणि त्यात मुलीच्या शिक्षणाचे पैसे धरायचे नाहीत. ते आजच वेगळे काढा, ती सातवीत आहे म्हणजे इंजिनिअरिंगची फी पाच-सहा वर्षांवर आली.

कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेला आहे. क्रेडिट कार्ड, गाडीचं कर्ज, जे काही लागणार असेल ते पगाराची स्लिप हातात असताना उरकून घ्या. दोन कोटींची ठेव असली तरी कर्जाच्या फॉर्मवर ‘नोकरी’चा रकाना रिकामा दिसला की साहेब पान उलटतात. मीच उलटायचो.