‘सिस्टर, दगडाला मान वळवावी लागते का?’

‘मॅडम, मी निबर झालेय. पेशंट कण्हत असतो आणि मी खाली मान घालून फाइल लिहीत असते.’ सर्जिकल वॉर्डातल्या कितीतरी सिस्टर समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हेच बोलल्या आहेत. म्हणून त्यांच्यातल्या एकीची हकिगत सांगते. तिला सुमन म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुमनची नोकरी नऊ वर्षांची. झोप लागत नव्हती, घरी मुलीवर उगाच आवाज चढत होता. पहिल्या दोन भेटी त्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत ती एका आजोबांबद्दल बोलली. पोटाचं मोठं ऑपरेशन, दुसरी रात्र. दोन वाजता कळ आली. लिहून दिलेलं इंजेक्शन तिने वेळेवर दिलं. पुढच्या डोसला चार तास होते. त्यानंतर पहाटेपर्यंत त्या बेडवरून जाताना ती मान दुसरीकडे वळवत होती.

‘मान का वळवलीत?’

‘नजरानजर झाली असती तर म्हणाले असते, अजून ठणकतंय, काहीतरी द्या. माझ्या हातात काय होतं?’

‘सिस्टर, दगडाला मान वळवावी लागते का?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग रडली. मीही घाई केली नाही. इतक्या वर्षांत विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एक मला अगदी नेमका वाटतो. जिला काही वाटतच नाही, ती वळसा घालून कशाला जाईल? सुमनला फार वाटत होतं, इतकं की बघवत नव्हतं.

माझा एक पक्का विश्वास आहे: प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण मनाशी जे बोलतो, ते जास्त पोळतं. सुमन मनाशी म्हणत होती, ‘चांगल्या नर्सने पेशंटचं दुखणं थांबवलंच पाहिजे.’ त्यातला ‘च’ तिला छळत होता. तो आम्ही दोघींनी मिळून सोडवला, तिच्याच कामातल्या ज्ञानाने.

पोट उघडल्यावर दुखणं लगेच शून्यावर येत नाही. माणसाला खोल श्वास घेता यावा, खोकता यावं, कूस बदलता यावी, चार पावलं टाकता यावीत, इतपत ते आवरायचं असतं. दुखतं म्हणून तो वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती. इथे नर्सच्या हातात पुष्कळ असतं. खोकताना जखमेवर उशी कशी दाबून धरायची हे दाखवणं. चालवायच्या आधी औषधाचा अंमल सुरू झालेला असेल अशी वेळ साधणं. आणि डोस दिल्यावर अर्ध्या तासाने, न बोलावता, परत जाणं! उतार नसेल तर संकोच न करता डॉक्टरांना उठवा. वाढत जाणारं दुखणं कधी कधी आतल्या बिघाडाची खूण असते.

‘पण मोबाइल बघत हसणारा पेशंट दुखणं दहापैकी आठ सांगतो, त्याचं खरं मानायचं?’ हेही सगळ्या विचारतात. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकी नर्सने १९६८ मध्येच मांडलं होतं की, ज्याला दुखतं तो सांगेल तीच वेदना. हसून माणूस दुखणं विसरायला बघत असतो. मला हे म्हणणं पूर्ण पटतं.

शून्य ते दहाची पट्टी मात्र सुमनच्या म्हाताऱ्या पेशंटांच्या गळी उतरत नव्हती. त्यावर तोडगा तिनेच काढला, माझा त्यात काही वाटा नाही. शेवटच्या भेटीत ती एका आजींबद्दल सांगत होती. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने ती स्टूल ओढून बेडजवळ बसली.

‘आजी, सोळा आण्यांतलं किती राहिलंय?’

‘सहा आणे असंल बाई.’

‘मग उशी धरा पोटाशी. बसू या का उठून?’

आजींनी तिचा हात धरला आणि उठून बसल्या.