वाचकांचे प्रश्न : छपाईची ऑर्डर एक्सएमएलमधून आली तर?

प्रश्न : आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. आजवर प्रकाशक व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर टाकायचे. आता पुण्याच्या एका प्रकाशकाने ‘यापुढे ऑर्डर प्रिंटटॉकमधून’ असे कळवून एक्सएमएल फाइल पाठवली आहे. महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : महिन्याला दोन-चार ऑर्डरी असतील तर मुळीच घेऊ नका. ही फाइल साध्या मजकुराची असते, ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते. बाहेरचा भाग प्रिंटटॉकचा : ऑर्डर कोणाची, कोणाला, दर विचारलाय की पक्की ऑर्डर आहे. आतला भाग एक्सजेडीएफचा : काय आणि किती छापायचे. दोन्ही सीआयपी४ या छपाई उद्योगातल्या संस्थेची मानके असून त्यांचे नियम फुकट उतरवून घेता येतात. २०१८च्या आधीच्या पद्धतीत आत एक्सजेडीएफऐवजी त्याचे जुने रूप जेडीएफ असते, म्हणून आवृत्ती कोणती ते प्रकाशकाला आधी विचारा. पुस्तकाची पीडीएफ बहुधा वेगळ्या लिंकवर असते. ती लगेच उतरवून ठेवा, लिंकची मुदत संपू शकते.

खरी गफलत ‘पान’ या शब्दात आहे. शंभर पानांचे पुस्तक म्हटले की कोणी १०० पृष्ठे धरतो, कोणी १०० कागद. इथे ‘पेजेस’च्या रकान्यात पृष्ठेच मोजतात, तीही कोऱ्यांसकट. समजा १९६ लिहिले आहे. सोळापानी फर्म्याने (एकत्र छापून घडी घातलेली १६ पृष्ठे म्हणजे एक फर्मा) १२ फर्मे होऊन ४ पृष्ठे उरतात, म्हणजे सव्वाबारा फर्मे. दर देण्याआधीच १९२ (पुरे बारा फर्मे) किंवा २०० (साडेबारा) करता येतील का, ते विचारा.

मापे पॉइंटमध्ये असतात, एका इंचाला ७२. साडेपाच बाय साडेआठ इंची डेमी पुस्तक म्हणजे ३९६ बाय ६१२. कोणी मिलिमीटरचे १४० आणि २१६ तसेच भरले, तर सॉफ्टवेअरच्या लेखी पुस्तक जेमतेम दोन बाय तीन इंचांचे! मिलिमीटरला २.८३५ने गुणा. कागदाचे वजन मात्र आपल्या नेहमीच्या जीएसएममध्येच (चौरस मीटरला ग्रॅम), आणि जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). ९० मायक्रॉनचा कागद असेल तर १९६ पृष्ठांचे ९८ कागद, म्हणजे पुस्तकाचा कणा सुमारे ८.८ मिलिमीटर. कव्हरच्या पीडीएफमधला कणा याच्याशी ताडून पाहा. प्रकाशकाने मध्येच कागद बदलला की कव्हर हमखास चुकते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मिळाली’ लिहून भागत नाही. प्रकाशकाच्या प्रणालीत ‘कन्फर्मेशन’ (ऑर्डर स्वीकारल्याचा प्रिंटटॉक निरोप) पोहोचेपर्यंत ऑर्डर अधांतरीच राहते. त्यात त्यांचा ऑर्डर क्रमांक ‘बिझनेस रेफ आयडी’च्या रकान्यात जसाच्या तसा टाका. जमणार नसेल तर ‘रिफ्यूजल’ म्हणजे नकार पाठवा.

प्रश्न : आम्ही पाठवलेल्या ऑर्डरीत पुस्तकाचे नाव इंग्रजी अक्षरांचा काला होऊन पोहोचते. असे का?
– एक प्रकाशक, आर्वी

उत्तर : नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून कॉपी केले असणार. त्या फाँटमध्ये मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे. कन्व्हर्टरने युनिकोड करा, फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करा आणि रफार व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर तिथेच घोळ घालतो. प्रतींचा आकडा मात्र इंग्रजीतच हवा. मराठीत ५०० लिहिले किंवा हजारात स्वल्पविराम घातला, तर पुढची प्रणाली फाइलच नाकारते.

प्रश्न : लाइन गेली, नेट बंद पडले आणि तीच ऑर्डर दोनदा आली. दोनदा छापायची का?
– एक वाचक, वणी

उत्तर : फाइलमधला ‘पेलोड आयडी’, म्हणजे त्या निरोपाचा स्वतःचा क्रमांक पाहा. तो सारखाच असेल तर तोच निरोप पुन्हा आला आहे. एकदाच छापा, कन्फर्मेशन पुन्हा पाठवा. आयडी वेगळा पण ऑर्डर क्रमांक एकच असेल, तर प्लेट काढण्याआधी फोन करा.