लिनक्सवर वायफाय एवढं स्लो का? त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये तर फास्ट चालतंय

तुम्ही लिहिलंय की एकच लॅपटॉप, एकच जागा, विंडोजमध्ये ८० एमबीपीएस येतात आणि उबंटूत ६ च्या वर काटा सरकत नाही, दोनदा रीइन्स्टॉल करूनही तेच. आधी एक सांगतो, तिसऱ्यांदा रीइन्स्टॉल करू नका. तीच आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टाकणार, तोच ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) येणार, त्याच सेटिंग येणार, मग वेगळं काय होणार?

विंडोजवर टेस्ट केलीत ते मात्र बरं केलंत, त्यामुळे बाहेरची लाइन आणि राउटर बहुतेक सुटले. आता संशय फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्या अंतरावर. आणि हे अंतर स्पीड टेस्टच्या वेबसाइटने नीट कळत नाही, त्यासाठी राउटरलाच पिंग करायचं, म्हणजे टर्मिनलमध्ये पिंग आणि राउटरचा पत्ता देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं. राउटरचा पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नसेल तर टर्मिनलमध्ये आयपी राउट ही कमांड द्या, डीफॉल्ट लिहिलेल्या ओळीत सापडेल. पिंग मिनिटभर चालू द्या आणि आकडे बघत बसा.

माझ्याकडे हाच प्रॉब्लेम होता तेव्हा आकडे असे येत होते: ३ मिलिसेकंद, २, मग एकदम १४०, ९०, परत ४, मग २१०. राउटर हाताच्या अंतरावर! त्याआधी मी आठवडाभर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदल, ब्राउझर बदल असले उद्योग करत होतो, कारण पान उघडायला वेळ लागायचा आणि मला वाटलं डीएनएसच असणार. पिंगने दोन मिनिटांत कळलं की कार्ड मधूनमधून डुलकी काढतंय. हेच ते पॉवर सेव्ह. यात कार्ड बॅटरी वाचवायला झोपतं, राउटर त्याच्यासाठी आलेला डेटा धरून ठेवतो आणि आपल्या बीकनमधून (राउटर ठराविक वेळाने पाठवतो तो छोटा संदेश) निरोप देतो की तुझं काहीतरी आलंय. बीकन सेकंदाला साधारण १० वेळा जातो, म्हणजे एकदा चुकामूक झाली की १०० मिलिसेकंद गेलेच. चांगल्या ड्रायव्हरमध्ये हे जाणवतही नाही, पण काही कार्डं झोपतात पटकन आणि उठायला कुरकुर करतात.

बंद करून बघायला आयडब्ल्यू (iw) कमांड वापरा. आयडब्ल्यू डेव्ह एवढंच दिलं की तुमच्या वायफायच्या इंटरफेसचं नाव दिसतं, मग पुढे सुडो लावून आयडब्ल्यू डेव्ह, ते नाव, सेट पॉवर_सेव्ह ऑफ. पिंग दुसऱ्या खिडकीत चालूच ठेवा, कारण फरक पडणार असेल तर तिथल्या तिथे दिसतो, माझे आकडे त्याच क्षणी २-३ वर येऊन बसले. पण हे रीस्टार्टनंतर टिकत नाही. कायमचं करायला ईटीसीमध्ये नेटवर्कमॅनेजर फोल्डर, त्यात कॉन्फ डॉट डी, तिथे डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल असते, तिच्यात वायफाय डॉट पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं त्याचं २ करायचं. ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद, बंद म्हणून ० टाकू नका, तिथे ० चा अर्थ डीफॉल्ट असा आहे (यातही मी एकदा फसलोय). मग नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी जास्त जाते, मला तरी चालतं.

पिंग सरळ असेल आणि तरी स्पीड नसेल तर मग आयडब्ल्यू डेव्ह, इंटरफेसचं नाव आणि लिंक अशी कमांड द्या. त्यात तीनच गोष्टी बघायच्या. फ्रिक्वेन्सी २४०० च्या घरात आहे की ५००० च्या, सिग्नल किती, आणि टीएक्स बिटरेट (कार्ड राउटरला डेटा पाठवतं तो वेग) किती. सिग्नल उणे ५० च्या आसपास म्हणजे मस्त, उणे ८० म्हणजे तुटायच्या बेतात. राउटरशेजारी बसूनही उणे ७५-८० दाखवत असेल तर ड्रायव्हर चुकीची अँटेना धरून बसलाय का ते बघा, आरटीएल८७२३बीई चिपच्या काही लॅपटॉपमध्ये अँटेना एकच जोडलेली असते आणि लिनक्स नेमकी दुसरी वापरतं, तिथे मॉड्यूलला (म्हणजे ड्रायव्हरला) अँट_सेल १ किंवा २ असा ऑप्शन द्यावा लागतो. बिटरेट ५४ च्या वर जातच नसेल तर राउटरमध्ये सिक्युरिटी टीकेआयपीवर (जुनी एन्क्रिप्शन पद्धत) ठेवलीय का बघा, त्यावर वायफाय एनचा (८०२.११एन) स्पीड मिळत नाही, डब्ल्यूपीए२ एईएस करा. आणि बिटरेट १४४ दिसतोय म्हणून डाउनलोड १४४ ने होईल असं नाही हां, साधारण अर्धा मिळाला तरी ठीक समजायचं.

फ्रिक्वेन्सी २४०० ची असेल तर ब्लूटूथ हेडफोन बंद करून परत टेस्ट करा, दोघं एकाच पट्ट्यात भांडतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर तीही काढा, तिच्या केबलमधून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो, ऐकायला थाप वाटते पण खरं आहे. राउटर ५ गिगाहर्ट्झ देत असेल तर सरळ तिकडेच जा.

ड्रायव्हरवर शेवटी हात घाला, आधी नाही. डीमेसेज कमांडने कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश दिसतात, त्यात फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) शब्द शोधा, लोड झालं नाही असं काही दिसलं तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज आणि कर्नल अपडेट करा, नवीन चिप असेल तर एवढ्यानेच काम होऊन जातं. आणि ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही) आहे म्हणून, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करा आणि मग उबंटू चालू करा, नाहीतर विंडोज कार्डाला अर्धवट अवस्थेत सोडून जातं आणि आपण इकडे ड्रायव्हरला शिव्या घालत बसतो.