कॅरव्हानचं कपलिंग गोळ्यावर बसताना-निघताना फार जड जातं. ग्रीस किती आणि कधी लावावं?

तुम्ही लिहिलंय की कपलिंग (कॅरव्हानच्या पुढच्या टोकाचा, गाडीमागच्या ओढणीच्या गोळ्याला पकडणारा जबडा) स्टॅबिलायझरवालं, म्हणजे कॅरव्हानचं डोलणं आवरणारं आहे, हँडल दोन्ही हातांनी उपसावं लागतं, वळताना कुईकुई आवाज येतो, आणि गोळ्याला ग्रीस किती लावायचं ते विचारलंय. अजिबात लावायचं नाही. आधीच लावून बसला असाल तर पुढचं नीट वाचा, कारण 'जड जातंय? मग ग्रीस चोपड' असं सांगणारे पायलीला पन्नास भेटतात आणि त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे.

स्टॅबिलायझरवाल्या कपलिंगांत अल-को कंपनीचं एकेएस ३००४ घ्या नाहीतर विंटरहॉफचं डब्ल्यूएस ३०००, आत घर्षणाचे पॅड असतात. स्टॅबिलायझरचा लिव्हर दाबला की ते गोळ्याला करकचून धरतात, आणि कॅरव्हान शेपटीसारखी हलायला लागली की हेच घर्षण तिला आवरतं. ग्रीस लावलं की पॅड ते पितात. लिव्हर पूर्वीइतकाच घट्ट बसतो, त्यामुळे हाताला काही कळत नाही, पण पकड गेलेली असते. असे पॅड सॉल्व्हंटनं धुऊन परत वापरायचा उद्योग करू नका, तेल आणखी आत मुरतं. पूर्ण संच बदला. गोळ्याला स्पिरिट चालतं, पॅडला नाही.

आता तो कुईकुई आवाज. त्याचा कोरडेपणाशी संबंध नाही, तो मळाचा किंवा रंगाचा असतो. नवा गोळा काळा रंग देऊन आलेला असतो, तो रंग पॅडवर उतरतो आणि पॅड काचेसारखे चकचकीत होतात. २०० ते २४० नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि रंग जाऊन पांढरं लोखंड दिसेपर्यंत गोळा सगळीकडून सारखा घासा, एकाच जागी रगडून सपाट करू नका. मग ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट चिंधीवर घेऊन पुसा. पांढरी चिंधी गोळ्याच्या मानेभोवती (गोळ्याखालच्या दांड्याभोवती) फिरवून बघा: करडी रेघ आली तर अजून पुसायचंय. चकचकीत झालेले पॅड त्याच कागदानं हलकेच घासून मंद करा, धूळ झटका, आणि ग्रीसचे हात लावू नका. पॅड तेलानं काळे पडलेले असतील किंवा झिजेची खूण मर्यादेपलीकडे गेली असेल तर घासण्यात वेळ घालवू नका. एकेएस ३००४ ला पुढचा-मागचाही पॅड असतो, म्हणून त्याला लांब मानेचा गोळाच लागतो. आखूड मानेवर तो वळणात मानेला घासतो.

व्हर्नियरनं गोळा तीन-चार दिशांनी मोजा, तो गोल झिजत नाही. ५० मि.मी.चा गोळा कुठेही ४९ पर्यंत आला असेल तर तो संपला. २ इंची गोळा म्हणजे ५०.८ मि.मी. तो ५० च्या कपलिंगमध्ये अडकणारच, आणि उलट केलंत तर ढिला बसेल. दोन्ही 'जवळपास सारखेच' म्हणणाऱ्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका.

हँडल जड जाण्याचं खरं कारण निम्म्या वेळा वंगणाचं नसतंच. गोळ्यावर नाकाचं (कॅरव्हानच्या पुढच्या टोकाचं) ओझं असतं आणि कपलिंग पुढेमागे ताणलेलं असतं. क्रम असा ठेवा: कॅरव्हानचा हँडब्रेक, चाकांना ठोकळे, मग स्टॅबिलायझरचा लिव्हर पूर्ण वर. दिव्यांचा प्लग आणि ब्रेकअवे केबल (कॅरव्हान सुटलीच तर तिचा ब्रेक ओढणारी तार) काढा. जॉकी व्हील (नाकाखालचं, स्क्रूनं वर-खाली होणारं छोटं चाक) जमिनीला टेकवून, नाकाचं वजन त्यावर येईल इतकंच फिरवा, मग हँडल उचलून धरा आणि जॉकी व्हील पुढे फिरवत राहा. आधीच जास्त फिरवलंत तर कपलिंग गोळ्याला वर ओढतं आणि जबडा उलट बाजूनं आवळतो, मग दोन हात काय, चारही पुरणार नाहीत. अर्धा फेरा उलटा घ्या. तरी अडलं, तर गाडीचा ब्रेक सोडून ती काही मिलिमीटर पुढेमागे सरकू द्या. हातोडा बाजूलाच ठेवा.

ग्रीस लागतं ते दुसरीकडे. ओव्हररनच्या (गाडी थांबताना कपलिंग मागे दबून कॅरव्हानचा ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या) नळीवरच्या निपलांतून, वर्षातून एकदा किंवा १०,००० ते १५,००० किलोमीटरला, ग्रीस गनचे दोन-तीन दाब पुरे. रबरी बूट फाटलेला असेल तर आधी तो बदला, नाहीतर पाणी आत जाऊन नळी गंजते आणि ब्रेक धक्क्यानं लागतो. या नळीचा डॅम्पर (धक्के शोषणारा भाग) बघायचा असेल तर कॅरव्हानचा हँडब्रेक ओढून कपलिंग मागे ढकला: विरोध जाणवला पाहिजे आणि सोडल्यावर ते आपोआप हळूहळू बाहेर आलं पाहिजे. जॉकी व्हीलच्या स्क्रूचे आटे पुसून त्यांना पातळ थर द्या, जुनं वाळलेलं ग्रीस तसंच ठेवून वर नवं थापू नका. हँडलच्या खिळीवर पातळ तेलाचे एक-दोन थेंब, पण त्याआधी सॉकेटमध्ये (कपलिंगच्या गोळा बसायच्या खोबणीत) कोरडी चिंधी कोंबा, म्हणजे ओघळ पॅडवर जाणार नाही. जास्तीचं पुसूनच चिंधी काढा.

जोडल्यावर दर वेळी: झिजेचा दर्शक हिरव्यात आहे का बघा, मग जॉकी व्हीलनं नाक किंचित उचला. गाडीची मागची बाजूही वर आली तर कपलिंग लागलंय. नुसती 'टक्' ऐकून निघू नका.

हे सगळं स्टॅबिलायझरवाल्या कपलिंगचं. साधं कपलिंग असेल तर ग्रीसवाले बरोबर आहेत: जुनं पुसून पातळ थर लावा, नाहीतर धातूवर धातू घासतो. गोंधळ इथूनच होतो. आज साधा ट्रेलर ओढायचा, उद्या त्याच गाडीला कॅरव्हान लावायची असेल तर मधल्या वेळात गोळा स्पिरिटनं पुसायलाच हवा. गोळ्याची प्लास्टिकची टोपीही आतून पुसा, ती आधीच्या ग्रीसनं माखलेली असते आणि पुसलेल्या गोळ्याला परत तेच लावून ठेवते.